मॉड्युलर सिंथ: मॉड्युलेशनची डेप्थ काबूत कशी आणायची? (आंदोलन, व्हायब्रेटो, फिल्टर, एफएम)

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

युरोरॅकवर (केबलने जोडायच्या मॉड्यूलांचा सिंथ) खर्जाचा अखंड षड्ज आणि त्यावर दुसऱ्या व्हीसीओचा (व्होल्टेजने सूर ठरणारा ऑसिलेटर) कोमल गंधार असा पॅच (केबलची जोडणी) लावलाय. गंधाराला दरबारीच्या धाटणीचं संथ आंदोलन हवंय. सूर लागल्यावर दीड-दोन सेकंदांत आंदोलनाची खोली शून्यापासून वाढत जावी, अशी इच्छा आहे.

अडचण डेप्थची, म्हणजे हलण्याच्या खोलीची आहे. एलएफओ (संथ लहर देणारा ऑसिलेटर) स्कोपवर ±५ व्होल्ट दिसतो. व्हीसीओला पिचची दोन इनपुटं आहेत, एक थेट १ व्होल्ट/सप्तक आणि दुसरं नॉब असलेलं. एलएफओ दुसऱ्यात लावला की नॉब जेमतेम हलवताच सूर मध्यम-पंचमापर्यंत उडतो. थोडा मागे घेतला की आंदोलन पूर्ण बंद. कामाची जागा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी केसाएवढी आहे. अ‍ॅटेन्युव्हर्टर (सिग्नल कमी किंवा उलटा करणारा) घ्यावा, व्हीसीए (व्होल्टेजने पातळी बदलणारा) वापरावा, की काही सोल्डर करावं? सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आणि स्कोप दोन्ही आहेत.

---

ओहम

आधी किती व्होल्ट हवेत ते काढा, मग मॉड्यूल निवडा. बहुतेक जण हे उलट क्रमाने करतात आणि अ‍ॅटेन्युएटरवर अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे नॉब) विकत घेत बसतात.

१ व्होल्ट म्हणजे एक सप्तक, म्हणजे १२०० सेंट. म्हणजे अर्ध्या सुराला ८३.३ मिलिव्होल्ट, १ सेंटला ०.८३ मिलिव्होल्ट. प्रमाणश्रुती (८१/८०) २१.५ सेंटची, म्हणजे सुमारे १८ मिलिव्होल्ट. आंदोलनाचा एकूण पट्टा तीन प्रमाणश्रुतींचा धरू: साधारण ६४ सेंट, म्हणजे मध्यापासून ±३२ सेंट, म्हणजे ±२७ मिलिव्होल्ट.

तुमच्या एलएफओतून ±५००० मिलिव्होल्ट येतात. हवेत ±२७. म्हणजे ०.५४ टक्के. पॉट (नॉबखालचा बदलता रोध) साधारण ३०० अंश फिरतो, तर लिनियर पॉटवर तुमची जागा शून्यापासून १.६ अंशांवर आहे. त्यातच कार्बन पॉटच्या दोन्ही टोकांना काही अंश असे असतात की तिथे रोध बदलतच नाही, पुढे एकदम उडी मारतो. तुमची जागा नेमकी त्या मृत पट्ट्यात पडते. नॉब चांगला असो वा वाईट, तिथे सेट होणार नाही. तुमच्या हाताचा दोष नाही.

---

शून्यबिंदू

ओहम यांच्या गणिताला पुस्ती: स्रोताचा व्होल्टेज गृहीत धरू नका. डोप्फर या उत्पादकाच्या तांत्रिक माहितीत एलएफओ −२.५ ते +२.५ आणि एन्व्हलप (सुराबरोबर चढता-उतरता व्होल्टेज) ० ते +८ असे दिलेत. इतर बरेच उत्पादक एलएफओ ±५ आणि एन्व्हलप ०–८ किंवा ०–१० देतात. त्याच नॉबवर त्याच खुणेला एका एलएफओने अर्धा सूर हलतो आणि दुसऱ्याने अख्खा. दुसऱ्याच्या पॅचशीटवरची 'नॉब ९ वाजता' ही खूण म्हणून कामाची नसते. व्होल्टात लिहिलेली डेप्थ कुठल्याही रॅकवर चालते.

---

पॅचवर्क

सोल्डर न करता आजच करता येईल असं: दोन अ‍ॅटेन्युएटर एकापाठोपाठ. एलएफओ आधी मिक्सरच्या एका चॅनेलमधून (डोप्फर ए-१३८ किंवा तत्सम कोणताही डीसी-कपल्ड, म्हणजे स्थिर व्होल्टेजही जाऊ देणारा), तिथून व्हीसीओच्या नॉबवाल्या इनपुटला. दोन्ही नॉब ७.३ टक्क्यांवर ठेवले की गुणाकार ०.५४ टक्के येतो. दोन्हींवर सुमारे २२ अंश मिळतात, म्हणजे मृत पट्ट्याच्या बाहेर.

ए-१३८ चे दोन प्रकार आहेत: ए लिनियर, बी लॉगरिदमिक. अशा कामाला बी. लॉग पॉट अर्ध्यावर आणला तरी १०–१५ टक्केच देतो, त्यामुळे खालच्या टोकाला भरपूर जागा मिळते. पिच सीव्ही (सूर ठरवणारे नियंत्रक व्होल्टेज) बेरजेला घ्यायच्या तर ए.

---

ओहम

हे चालेल. पण सोल्डरिंग येत असेल तर याहून नेमकं काम दोन पार्टमध्ये होतं.

४७० किलोओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर (१ टक्का) आणि १० किलोओहमचा लिनियर पॉट, ज्यावर बी१०के लिहिलेलं असतं. शिवाय दोन ३.५ मिमी मोनो जॅक. पॉटचा दांडा स्वतःकडे आणि पाय खाली धरा:

– इनपुट जॅकच्या टिपपासून ४७०के, तिथून पॉटच्या उजव्या पायाला.
– मधला पाय आउटपुट जॅकच्या टिपला.
– डावा पाय आणि दोन्ही जॅकच्या स्लीव्ह एकमेकांना जोडून ग्राउंड.

१०/४८० म्हणजे पूर्ण उघडल्यावर ±५ चे ±१०४ मिलिव्होल्ट होतात, म्हणजे ±१२५ सेंट. संपूर्ण नॉब सव्वा अर्ध्या सुरात बसला. तुमचे ±३२ सेंट आता साधारण २६ टक्क्यांवर, म्हणजे ७७ अंशांवर येतात. नॉबवर हात ठेवून श्रुती-श्रुतीने खोली बदलता येते.

याहून रुंद व्हायब्रेटो हवा असेल तर ४७० च्या जागी १००के लावा. गुणोत्तर १/११, कमाल ±४५५ मिलिव्होल्ट, सुमारे ±५४५ सेंट. एसपीडीटी टॉगल घालून दोन्ही रेझिस्टर निवडता येतील अशी सोय केली तर एकाच डबीत दोन पट्टे मिळतात.

पॉट १०के चाच घ्या, १००के चा नको. कारण पुढे लिहितो.

पार्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. फक्त जॅक बघून घ्या. हेडफोनचा स्टिरिओ जॅक दिला जातो, मोनो मागून घ्या.

---

पॅचवर्क

१००के का नको? युरोरॅकची बहुतेक इनपुटं १०० किलोओहमची असतात आणि अ‍ॅटेन्युएटर मॉड्यूलमध्ये १००केच पॉट असतात. पॅसिव्ह अ‍ॅटेन्युएटरने लोडिंगचा (पुढच्या इनपुटने सिग्नल खाली ओढण्याचा) फरक ऐकू येण्याइतका पडत नाही असं वाटतं.

---

ओहम

फरक पडतो, आकडे लावून बघा. १००के पॉट बरोबर मध्यावर ठेवला की वायपरमधून (पॉटच्या मधल्या पायातून) दिसणारा स्रोतरोध ५०के आणि ५०के समांतर, म्हणजे २५के. पुढचं इनपुट १००के. १० व्होल्ट आत गेले तर ५ निघायला हवेत, निघतात ५ × १००/१२५ = ४. मध्यावर ५० ऐवजी ४० टक्के. दोन्ही टोकांना चूक नाहीशी होते, म्हणजे वक्र मध्ये झोळ खातो. फिल्टरच्या डेप्थला हे मुळीच जाचत नाही, उलट खालच्या बाजूला थोडी जास्त जागा मिळते. तिथवर तुमचं म्हणणं रास्त आहे.

पण वरच्या डबीत १००के पॉट आणि त्याच गुणोत्तरासाठी ४.७ मेगओहम घातला, तर पूर्ण उघडल्यावर स्रोतरोध ९८के होतो आणि १००के च्या इनपुटवर अर्धा सिग्नल उडतो. पुढचं इनपुट ५०के चं निघालं तर दोन तृतीयांश. म्हणजे डबीवरच्या खुणा प्रत्येक इनपुटला वेगळ्या. १०के पॉटने स्रोतरोध कधीच १०के च्या वर जात नाही, १००के च्या इनपुटवर घट फार तर ९ टक्के, आणि तुमच्या २६ टक्क्यांच्या खुणेवर अडीच टक्के. एलएफओला बिचाऱ्याला काही त्रास नाही, त्याला ४८०के दिसतात.

याच कारणाने पिचची मूळ सीव्ही कधीही पॅसिव्ह मल्टने (आत फक्त तारा असलेल्या वाटपाच्या मॉड्यूलने) वाटू नका. आउटपुटला १के चा संरक्षक रोध असेल आणि एक १००के इनपुट लावलं तर १ टक्का, म्हणजे सप्तकामागे १२ सेंट घट. दोन इनपुटं लावली तर साडेतेवीस सेंट. पहिल्या व्हीसीओला लावून जुळवलेलं ट्यूनिंग दुसरा लावताच उतरतं, ते यामुळे. तिथे बफर्ड मल्टच हवा.

---

शून्यबिंदू

अ‍ॅटेन्युव्हर्टरचाही प्रश्न होता, त्याचं उत्तर राहिलं. (डोप्फरच्या भाषेत पोलरायझर. ए-१३८सी, ए-१८३-२ त्यातलेच.)

आतलं सर्किट सोपं आहे: टीएल०७२ या दुहेरी ऑप-अ‍ॅम्प चिपचा अर्धा भाग, इनव्हर्टिंग बाजूला १००के आणि फीडबॅकला १००के, त्याच इनपुटपासून ग्राउंडपर्यंत पॉट, आणि वायपर नॉन-इनव्हर्टिंग पायाला. वायपर k या अंशावर असेल तर गेन २k − १. शून्यावर −१, मध्यावर ०, टोकाला +१. पुढे बफर असल्यामुळे वायपरच्या स्रोतरोधाचा प्रश्न येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

पण मंद्रसप्तक, तुमच्या कामाला एकटा अ‍ॅटेन्युव्हर्टर साध्या अ‍ॅटेन्युएटरहून वाईट ठरेल. ३०० अंशांत −१ ते +१ बसवायचं असल्याने प्रत्येक बाजूला १५० अंशच मिळतात. तुमचे ०.५४ टक्के म्हणजे मध्यापासून ०.८ अंश. दुसरं म्हणजे मधला खटका. तो यांत्रिक मध्यावर असतो, विद्युत मध्यावर असेलच असं नाही. पॉट १ टक्क्याने सरकलेला असला तर गेन २ टक्के शिल्लक राहतो, आणि ±५ व्होल्टच्या एलएफओचे ±१०० मिलिव्होल्ट, म्हणजे ±१२० सेंट, 'बंद' नॉबमधून गळतात. नॉब शून्यावर असून सूर थरथरतो अशी तक्रार येते, तिचं मूळ सहसा इथे असतं. उपाय: नॉब खटक्यावर न ठेवता कानाने शून्य शोधा, किंवा अ‍ॅटेन्युव्हर्टर फक्त दिशा ठरवायला वापरा (पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे) आणि मोजमाप ओहम यांच्या डबीवर सोडा.

---

खर्जसाधना

सूर लागल्यावर खोली वाढत जाण्याबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, आणि या पॅचचा जीव तिथेच आहे. डेप्थचा नॉब म्हणजे माणसाच्या हाताने फिरवलेला व्हीसीए. खोली काळाबरोबर बदलायची असेल तर तिथे खरा व्हीसीए हवा:

१. एलएफओ व्हीसीएच्या सिग्नल इनपुटला.
२. एडीएसआर (एन्व्हलप देणारं मॉड्यूल) त्याच व्हीसीएच्या सीव्ही इनपुटला. अ‍ॅटॅक १.५ ते २ सेकंद, सस्टेन पूर्ण, रिलीज मध्यम.
३. व्हीसीएचं आउटपुट ४७०के वाल्या डबीत.
४. डबीतून व्हीसीओच्या दुसऱ्या पिच इनपुटला, त्याचा नॉब पूर्ण उघडा.

व्हीसीए डीसी-कपल्ड असला पाहिजे. फक्त ऑडिओसाठी केलेल्या व्हीसीएमध्ये इनपुटला कपॅसिटर असतो. अर्ध्या हर्ट्झचा एलएफओ त्यातून अर्धामुर्धा आणि तिरका होऊन निघतो, स्थिर व्होल्टेज तर निघतच नाही. तपासायला सोपं आहे: इनपुटला +५ व्होल्टचा ऑफसेट द्या, व्हीसीए उघडा, मल्टिमीटर आउटपुटला लावा. आकडा टिकून राहिला तर डीसी-कपल्ड, हळूहळू शून्याकडे घसरला तर नाही.

प्रतिसाद लिनियर घ्या. डोप्फर ए-१३२-३ वर लिनियर-एक्स्पोनेन्शियल निवडायचा स्विच आहे, इंटेलिजेलच्या क्वाड व्हीसीएवर त्यासाठी नॉब आहे. एक्स्पोनेन्शियल ठेवला तर पहिला सव्वा सेकंद आंदोलन ऐकूच येत नाही आणि शेवटी एकदम उसळतं. आवाजाच्या पातळीला तो वक्र कानाला सरळ वाटतो, पण सेंटमधल्या खोलीला लिनियरच सरळ वाटतो.

एन्व्हलपची उंचीही बघा. व्हीसीए ५ व्होल्टला पूर्ण उघडत असेल आणि एन्व्हलप ८ पर्यंत चढत असेल, तर एक तर ५ च्या वर काहीच बदलत नाही (मग २ सेकंदांचा अ‍ॅटॅक सव्वा सेकंदात संपल्यासारखा ऐकू येतो), नाही तर गेन १.६ होऊन सिग्नल कापला जातो. एन्व्हलप ५/८ वर आणून मगच सीव्हीला द्या.

---

पॅचवर्क

डबी व्हीसीएच्या आधी ठेवली तर? व्हीसीएला लहान सिग्नल मिळाला की तो स्वच्छ राहील असं वाटतं.

---

खर्जसाधना

नको. हा क्रम उलटा लागला की पॅच बिघडतो, म्हणून जरा सविस्तर.

कोणत्याही व्हीसीएमधून नियंत्रणाचा थोडा व्होल्टेज आउटपुटला गळतो. सिग्नल काहीच नसताना एन्व्हलप दिला तर आउटपुटला १०–२० मिलिव्होल्टचा उंचवटा दिसणं काही विशेष नाही. व्हीसीए शेवटी असला तर हे २० मिलिव्होल्ट थेट पिचवर जातात: २४ सेंट, एका श्रुतीहून जास्त. गंधार लागतो आणि आंदोलन सुरू होता होता अख्खा सूरच वर चढतो. ऐकणाऱ्याला वाटतं व्हीसीओ सरकतोय.

डबी शेवटी ठेवली की हेच २० मिलिव्होल्ट १/४८ आणि पुढे २६ टक्के होऊन ०.११ मिलिव्होल्ट उरतात. सेंटच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढे. व्हीसीएचा गोंगाट आणि ऑप-अ‍ॅम्पचा ऑफसेट यांचंही तेच. म्हणून सगळी प्रक्रिया पूर्ण व्होल्टवर करायची आणि कमी करण्याचं काम व्हीसीओच्या दाराशी.

व्हीसीएला ±५ व्होल्टने काही होत नाही. तो त्याच पातळीसाठी केलेला असतो.

---

शून्यबिंदू

याला एक अपवाद आहे, मिक्सर. बेरीज करताना कमी करायचं ते आधी. ±१२ व्होल्टच्या पुरवठ्यावर टीएल०७२ साधारण ±१०.५ पर्यंत जातो. ±५ चे दोन एलएफओ आणि वर ८ व्होल्टचा एन्व्हलप असं एकत्र केलं की माथा सपाट होतो. मग नंतर कितीही कमी केलं तरी सपाट माथा सपाटच राहतो, फक्त लहान होतो. आंदोलन वरच्या टोकाला अडकून थांबल्यासारखं ऐकू आलं तर स्कोप मिक्सरच्या आउटपुटला लावा, डबीच्या नव्हे.

---

तारओढ

दिशेकडेही लक्ष द्या. एलएफओ शून्याच्या दोन्ही बाजूंना हलतो, म्हणजे सूर मध्यापासून वर आणि तितकाच खाली. सतारीवर पडद्यावर तार ओढून फक्त वर जाता येतं. तिथली मींड आणि आंदोलन दोन्ही एका बाजूची असतात आणि कानाला ती सवय झालेली असते. सममित एलएफओ लावला की पाश्चात्त्य व्हायब्रेटोचा वास येतो, खोली कितीही बरोबर असली तरी.

एकतर्फी करायला एलएफओ आधी निम्मा (±२.५) करा आणि त्यात +२.५ चा ऑफसेट मिळवा: ० ते ५ झालं. मेक नॉइजच्या मॅथ्सवर हे एकाच मॉड्यूलमध्ये होतं. चॅनेल ३ च्या इनपुटला केबल नसली की त्याचा नॉब ±५ पर्यंत ऑफसेट देतो. एलएफओ चॅनेल २ मधून निम्मा करा, ३ वर +२.५ ठेवा, सम आउटपुट घ्या. १ आणि ४ चे नॉब मध्यावर असल्याची खात्री करा, नाही तर तेही बेरजेत शिरतात.

ऑफसेट व्हीसीएच्या आधी मिळवायचा. तसं केलं की व्हीसीए बंद असताना सूर मूळ जागी असतो आणि खोली वाढेल तसं त्या जागेपासून एकाच बाजूला हलणं वाढत जातं. ऑफसेट व्हीसीएच्या नंतर मिळवला तर सूर पहिल्यापासूनच सरकलेला राहतो. खाली झुकणारं आंदोलन हवं असेल तर हाच ०–५ अ‍ॅटेन्युव्हर्टरने पूर्ण डावीकडे उलटवा.

वेग १ हर्ट्झच्या आसपास सुरू करून कानाने जुळवा. लहरीचा आकार साइन नसेल तर ट्रायंगल स्ल्यू लिमिटरमधून (व्होल्टेज बदलण्याचा वेग मर्यादित करणारं मॉड्यूल) थोडा गोल करून घ्या. आणि सॅम्पल-अँड-होल्डचा (ठरावीक वेळाने उडी मारणारा) यादृच्छिक व्होल्टेज खूप स्ल्यू करून त्याचा अगदी थोडा अंश एलएफओच्या वेगाच्या सीव्हीला दिला की यांत्रिकपणा जातो. तिथेही अति झालं की आंदोलनाऐवजी डळमळ ऐकू येते.

---

मंद्रसप्तक

अनेक आभार. खोली मोजायची कशी? एलएफओ हलता असताना ट्यूनर स्थिर होत नाही.

---

ओहम

चौकोनी लहर वापरा. एलएफओचं स्क्वेअर आउटपुट त्याच साखळीत लावा, वेग ०.१ हर्ट्झ. मग सूर ५ सेकंद वर, ५ सेकंद खाली असा थांबतो. ट्यूनरवर दोन्ही आकडे वाचा, फरक म्हणजे आंदोलनाचा एकूण पट्टा. ६४ सेंट येईपर्यंत डबीचा नॉब फिरवा, मग साइन किंवा ट्रायंगल लावा. व्हीसीए मापताना +५ देऊन पूर्ण उघडा ठेवा.

एकच अट: स्क्वेअर आणि ट्रायंगलची उंची सारखी हवी. काही एलएफओंमध्ये स्क्वेअर जास्त उंच किंवा ० ते + असा एकतर्फी असतो. आधी स्कोपवर बघा आणि गुणोत्तर लिहून ठेवा.

मिलिव्होल्ट मोजून हेच करायला जाल तर मल्टिमीटर नुसत्या डबीच्या आउटपुटला लावून चालणार नाही. व्हीसीओ जोडलेला असतानाच मोजा, नाही तर लोडिंगची घट आकड्यात येत नाही.

---

तारओढ

क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या स्वरावर बसवणारं मॉड्यूल) असेल तर आंदोलन त्याच्या नंतर मिळवा. आधी मिळवलं तर ±३२ सेंटचं हलणं क्वांटायझर एक तर गिळून टाकतो, किंवा सीमेवरच्या सुरावर दोन स्वरांत टकटक करतो.

---

वेव्हफोल्डर

धाग्याचा विषय डेप्थ आहे तर ऑडिओ-रेट एफएमचं (ऐकू येण्याइतक्या वेगाने वारंवारता हलवण्याचं) विचारतो. घंटेसारख्या आवाजासाठी एका व्हीसीओने दुसऱ्याला मॉड्युलेट करतोय, डेप्थ एन्व्हलपने व्हीसीएमार्फत. डेप्थ वाढली की सूर चढतो. वर लिहिलेली गळती मोजली, फक्त ४ मिलिव्होल्ट आहे. मग चढतो कशाने?

---

शून्यबिंदू

एक्स्पोनेन्शियल इनपुट वापरताय. तिथे चढणारच, मॉड्यूल कितीही चांगलं असलं तरी. +१ व्होल्टने वारंवारता दुप्पट होते, −१ ने निम्मी. ४०० हर्ट्झचा सूर वर ४०० ने जातो आणि खाली २०० नेच. सरासरी मध्यावर राहत नाही. साइन मॉड्युलेटरसाठी हिशेब:

±०.५ व्होल्ट: सरासरी ३ टक्के वर, सुमारे ५२ सेंट.
±१ व्होल्ट: १२.४ टक्के वर, २०२ सेंट, म्हणजे अख्खा सूर.
±२ व्होल्ट: ५४ टक्के वर, सुमारे ७५० सेंट, पंचमाच्याही पुढे.

डेप्थ स्थिर असेल तर ती लावून झाल्यावर कॅरियर (ज्याला मॉड्युलेट करताय तो व्हीसीओ) परत जुळवून घेता येतो. एन्व्हलपने बदलणार असेल तर सूर एन्व्हलपबरोबर घसरत राहणार. ढोलासारख्या किंवा धातूच्या तुटक आवाजात ते छान लागतं, सुरेल घंटेत नाही.

सुरेल हवं असेल तर लिनियर एफएमचं इनपुट वापरा. तिथे वर आणि खाली सारखेच हर्ट्झ जातात, सरासरी जागेवर राहते. ते इनपुट बऱ्याच व्हीसीओंवर एसी-कपल्ड असतं, त्यामुळे व्हीसीएची गळतीही बरीचशी अडते. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये १९६७ साली ज्या एफएमवर काम सुरू केलं आणि जे पुढे १९८३ च्या यामाहा डीएक्स७ सिंथमध्ये आलं, ते या लिनियर घराण्यातलं.

---

ओहम

लिनियर एफएमची डेप्थ मोजण्याची पद्धत सांगतो, कारण तिथे नॉबवरच्या खुणेला काहीच अर्थ नसतो. महत्त्वाचा आकडा इंडेक्स: विचलनाचे हर्ट्झ भागिले मॉड्युलेटरचे हर्ट्झ. इंडेक्स २.४०५ ला कॅरियरची मूळ रेषा वर्णपटातून पूर्ण नाहीशी होते. याचा उपयोग फूटपट्टीसारखा करा.

कॅरियर १००० हर्ट्झ, मॉड्युलेटर १७० हर्ट्झ, दोन्ही साइन. व्हीसीओचं आउटपुट ऑडिओ इंटरफेसमधून कोणत्याही स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर घ्या. एफएमचा नॉब शून्यापासून हळू वाढवा. १००० वरची रेषा बुडत जाईल आणि एका जागी तळाला जाईल. ती जागा म्हणजे ४०९ हर्ट्झचं विचलन. तिथे नॉबवर खूण करा आणि त्या वेळी आत जाणारे व्होल्ट मोजा, म्हणजे त्या इनपुटची संवेदनशीलता हर्ट्झ प्रति व्होल्टमध्ये कळली. पुढचे सगळे इंडेक्स त्यावरून निघतात. रेषा दुसऱ्यांदा ५.५२ ला बुडते, पण त्यासाठी ९३८ हर्ट्झचं विचलन लागतं आणि १००० च्या कॅरियरला ते शून्याच्या फार जवळ नेतं. थ्रू-झिरो (वारंवारता शून्याखालीही नेणारा) नसलेला व्हीसीओ तिथे नीट वागेलच असं नाही, म्हणून पहिल्यावर थांबा.

कळपटीवर वाजवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: मॉड्युलेटर सप्तकभर वर गेला आणि डेप्थ तीच ठेवली तर इंडेक्स निम्मा होतो. वरचे सूर बोथट वाटतात ते त्यामुळे. पिचची सीव्ही डेप्थच्या व्हीसीएला दुसऱ्या इनपुटातून द्या. इथे मात्र एक्स्पोनेन्शियल प्रतिसाद उपयोगी पडतो, कारण सप्तकामागे डेप्थ दुप्पट व्हायला हवी, म्हणजे ६ डेसिबल. सीव्हीचं प्रमाण तेवढं येईपर्यंत अ‍ॅटेन्युएट करा.

---

खर्जसाधना

फिल्टरबद्दल थोडक्यात. ८ व्होल्टचा एन्व्हलप १ व्होल्ट/सप्तकाच्या कटऑफ (फिल्टर जिथून कापतो ती वारंवारता) इनपुटला थेट लावला तर ८ सप्तकं उघडतो: ५० हर्ट्झवरून १२,८०० पर्यंत. अ‍ॅटॅकचा मधला भाग कानाला उरतच नाही, फिल्टर एकदम उघडा. ३ सप्तकं हवी असतील तर ३/८ वर आणा आणि सुरुवातीचा कटऑफ हाताने वर घ्या. डेप्थ आणि कटऑफ हे दोन नॉब नेहमी जोडीने फिरवायचे, एक वाढवला की दुसरा उतरवायचा. फिल्टरच्या नॉबवाल्या इनपुटचं कमाल प्रमाण १ व्होल्ट/सप्तकच असतं असं समजू नका. रेझोनन्स वाढवून फिल्टर स्वतः वाजू लागला की १ व्होल्ट देऊन ट्यूनरवर किती चढतो ते बघा.

पीडब्ल्यूएमला (चौकोनी लहरीची रुंदी हलवताना) ५० टक्क्यांपासून सुरुवात करा आणि लहर ५ किंवा ९५ टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. ० किंवा १०० ला स्पर्श झाला की आवाज क्षणभर गायब होतो आणि टिचकी वाजते.

---

मंद्रसप्तक

डबी बनवली, ४७०के आणि १००के मध्ये टॉगल घातला. स्क्वेअरने मोजलं: पूर्ण उघड्या नॉबला एकूण २१० सेंट आले, हिशेबाने २५० यायला हवे होते. लोडिंगची ९ टक्के घट धरली तरी कमीच. व्हीसीओच्या दुसऱ्या इनपुटचा नॉब पूर्ण उघडा आहे.

---

ओहम

बरोबर येतंय. त्या नॉबचा स्वतःचा १००के पॉट इनपुटवर ग्राउंडशी समांतर आहे. मागचा समिंग रोध १००के धरला तर डबीला ५०के दिसतात. ९.८के आणि ५०के: ०.८३६. २५० गुणिले ०.८३६ म्हणजे २०९.

आता खुणा याच जोडणीला धरून करा. आणि त्याआधी रॅक अर्धा तास चालू ठेवा. एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर तापमानाबरोबर सरकतो, गार रॅकवर केलेली खूण तासाभराने खोटी ठरते. टॉगलच्या दोन्ही बाजूंना पट्टा वेगळा मोजा, एकावरून दुसऱ्याचं गुणोत्तर काढू नका.